41 गुणांचा हिशेब

16 शर्यती, 41 गुण, 11 संघांत 10वा क्रमांक. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत 2022-23 च्या हंगामाअखेर महिंद्रा रेसिंगच्या खात्यावर एवढेच जमा होते. 2014 पासून, म्हणजे स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून, त्यात असलेला हा एकमेव भारतीय संघ. 2016-17 मध्ये तो तिसरा आला होता, 12 शर्यतींत 215 गुण घेऊन. तेव्हा शर्यतीमागे जवळपास 18 गुण पडत होते, ते अडीचवर आले.

11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादला हुसेनसागरच्या काठावर भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली, तेव्हा महिंद्राच्या ऑलिव्हर रोलंडने सहावा क्रमांक मिळवला. त्याचे 8 गुण. त्याआधी 14 जानेवारीला मेक्सिको सिटीत लुकास दि ग्रासीने सर्वांत पुढून सुरुवात करण्याचे 3 आणि तिसऱ्या क्रमांकाचे 15, असे 18 गुण आणले होते. या दोनच शर्यतींचे झाले 26. उरलेल्या 14 शर्यतींत दोन गाड्यांनी मिळून 15 गुण कमावले.

त्या 14 पैकी एका शर्यतीत तर संघ धावलाच नाही. हैदराबादनंतर दोन आठवड्यांनी, 25 फेब्रुवारीला केपटाऊनमध्ये मागच्या चाकांच्या सस्पेन्शनबद्दल शंका आली आणि महिंद्राने पात्रता फेरीआधीच दोन्ही गाड्या मागे घेतल्या. महिंद्राचीच मोटर आणि मागचा भाग वापरणाऱ्या एबीटी कुप्रा या जर्मन संघानेही तेच केले. 22 पैकी 4 गाड्या उभ्या राहिल्या. भिंतींना लागून धावणाऱ्या गाडीचे मागचे चाक निखळले तर काय होईल, हे ज्याला कळते तो या निर्णयाला माघार म्हणणार नाही. त्या दिवशीचा तो सर्वांत शहाणा निर्णय होता, असे माझे ठाम मत आहे.

मग दुखणे नेमके कुठे होते? त्या हंगामातल्या गाडीची ताकद 350 किलोवॅट, म्हणजे सुमारे 470 अश्वशक्ती. पाच एचपीचे 94 शेतीपंप एकदम चालावेत एवढी. शर्यतीसाठी मिळणारी वीज मात्र साधारण 38.5 युनिट, शर्यतीनुसार थोडी कमीजास्त. तेवढ्या विजेवर एक पाच एचपीचा पंप दहा तास चालेल. गाडी पूर्ण ताकदीने पळवली तर ती पावणेसात मिनिटांच्या आत संपते, आणि शर्यत पाऊण तास चालते. बाकीची तूट भरून निघते ती ब्रेक मारताना परत मिळणाऱ्या विजेतून. शर्यतीत लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास 40 टक्के अशी परत येते.

म्हणजे बॅटरीतले 38.5 युनिट हे 60 टक्के झाले आणि एकूण खर्च 64 युनिट. आता उदाहरणादाखल धरा, की एखाद्या गाडीला 40 ऐवजी 37 टक्केच परत मिळतात. मग तिच्या हाती 61 युनिट राहतात. तीन युनिटांचा हा फरक 40 फेऱ्यांच्या शर्यतीत जवळपास दोन फेऱ्यांच्या ऊर्जेएवढा आहे. चालकाला दर वळणाआधी लवकर पाय उचलावा लागतो आणि मागचे एकेक जण पुढे निघून जातात.

इथेच सस्पेन्शन आणि मोटर एकमेकांना येऊन मिळतात. जेन 3 नावाच्या या गाडीच्या मागच्या चाकांना नेहमीच्या वापराचे ब्रेक नव्हते, संकटकाळची सोय तेवढी होती. मागची चाके थांबवायची ती मोटरनेच. खडबडीत शहरी रस्त्यावर चाक उसळले की पकड सुटते, पकड सुटली की मोटरला जोर लावता येत नाही, आणि परत मिळणारी वीज हातची जाते. त्यामुळे ‘सेटिंग जमत नाही’ आणि ‘मोटर कमी पडते’ या दोन वेगळ्या तक्रारी उरत नाहीत.

याचा सर्वांत बोलका पुरावा बर्लिनचा आहे. 23 एप्रिल 2023 ला पात्रता फेरी ओल्या रस्त्यावर झाली आणि एबीटीच्या दोन्ही गाड्यांनी पुढची रांग पटकावली. पात्रता फेरीत वीज वाचवायची नसते, आणि ओल्या रस्त्यावर ताकदीपेक्षा हात आणि टायर बोलतात. शर्यत कोरड्या रस्त्यावर झाली, वीज पुरवून वापरण्याची वेळ आली आणि दोन्ही गाड्या घसरत गेल्या. जिंकला निक कॅसिडी. हंगामाअखेर दहावा महिंद्रा आणि अकरावा, शेवटचा, एबीटी. हात वेगवेगळे आणि मागचा भाग एकच. दोष चालकांवर टाकणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

दुरुस्ती लगेच का झाली नाही? कारण नियमानुसार मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि मागचे सस्पेन्शन यांवर दोन हंगामांसाठी शिक्कामोर्तब झालेले असते. सुरक्षेसाठी परवानगीने बदल करता येतो, संगणकप्रणाली सुधारता येते. पण मूळ धातूला हात लावता येत नाही. 2022 मध्ये झालेली चूक 2024 पर्यंत बाळगावी लागली. रोलंडने वाट पाहिली नाही. मे 2023 मधल्या मोनॅको शर्यतीनंतर तो संघ सोडून गेला.

2024-25 मध्ये शिक्का उघडला. जेन 3 इव्हो ही सुधारित गाडी आली आणि नवे भाग बनवायची मुभा मिळाली. आदल्या हंगामातलेच निक डी व्रीस आणि एदोआर्दो मोर्तारा हे चालक घेऊन महिंद्रा थेट चौथ्या क्रमांकावर आला. त्याच हंगामात चालकांचे विजेतेपद पटकावले ते निसानच्या ऑलिव्हर रोलंडने. 2026-27 पासून जेन 4 येते आहे, 600 किलोवॅटची आणि चारही चाकांना सतत जोर देणारी. तिच्या भागांवर नव्याने शिक्के बसतील.