दर्शनी भाग आणि खतावणी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा आधार काढून घेतला. साताऱ्यातल्या आमच्या जुन्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ला चालत नव्हता. सांगलीला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी भाची सुट्टीत आली आणि त्यावर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली घालून गेली. त्यासोबत जीनोम हा डेस्कटॉप आला. देखणा, पण ४ जीबी रॅमला न झेपणारा. ब्राउझर उघडायला सांगून मी चहा टाकून येई.

"मामा, सगळं उपसू नका. एक्सएफसीई टाका, नुसता डेस्कटॉप बदला," भाची फोनवर म्हणाली. डेबियनच्या पॅकेज मॅनेजरला, म्हणजे ॲप्टला, एक ओळ सांगितली, लॉग आउट केलं, पासवर्डच्या पडद्यावरचं दातेरी चाक दाबून एक्सएफसीई निवडलं. फाइली, फोटो, प्रिंटर जागच्या जागी. मराठी टायपिंग मात्र गायब! टायपिंग पाहणाऱ्या आयबसला जीनोम आपणहून सांभाळतो. इथं तो आपल्याला जोडून द्यावा लागला. त्यात एक संध्याकाळ गेली.

मग जीनोम काढायला बसलो. नको असलेलं साफ करणारी 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा दिली, तर यादीत नेटवर्क-मॅनेजर! ते जीनोमचं बोट धरून आलेलं. जीनोम गेल्यावर ॲप्टच्या लेखी बिनकामाचं. 'वाय' दाबलं असतं तर वायफाय गेलं असतं, आणि ते परत उतरवायला इंटरनेटच लागलं असतं. 'हे मी मागवलंय' अशी नोंद आधी करून घेतली, मग सफाई.

पुढची अडचण वेगळीच. भाची फेडोरा ही दुसरी लिनक्स प्रणाली वापरते. ती तिथल्या पॅकेज मॅनेजरच्या, डीएनएफच्या भाषेत सांगणार, मी ॲप्टमध्ये शोधणार. "ॲप्ट काढून डीएनएफ बसवू का?" मी विचारलं. ती हसली. "आजोबांच्या आडतीवरची खतावणी फाडली तर माल कुणाचा ते कसं कळणार?"

मुद्दा तोच आहे. पॅकेज मॅनेजर नुसता माल आणत नाही. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, ते कशावर अवलंबून, याचा हिशेब राखतो. डेबियनचा हिशेब ॲप्टखालच्या डीपीकेजीकडे, फेडोराचा डीएनएफखालच्या आरपीएमकडे. एकाची वही दुसऱ्याला वाचता येत नाही. खतावणी बदलायची तर दुकानच नवं मांडावं लागतं.

शेवटी तेच करायचं ठरवलं. संगणकाचं कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीनं सांगली गाठली. सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली, हातानं टाकलेल्या पॅकेजांची यादी वहीत उतरवली आणि आपल्या फाइली आणि मांडणी ठेवणारा 'होम'चा वेगळा भाग न पुसता फेडोराची एक्सएफसीई आवृत्ती बसवली. यादी जशीच्या तशी चालली नाही. डेबियनमधला 'फॉन्ट्स-लोहित-देवा' इथं 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स' होता. पण लॉगिन केलं तर खालची पट्टी मी साताऱ्यात लावली होती तशीच, कारण तिची मांडणी 'होम'मध्येच राहते.

तुम्ही करणार असाल तर दोनच गोष्टी सांगतो. पहिल्याच दिवशी 'होम' वेगळं ठेवा. आणि काढायच्या पॅकेजांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.