कुडाळचे लखम सावंत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्याच्या पेडणे-डिचोलीत शिवकाळाचा विषय निघाला की कुडाळचे लखम सावंत आणि त्यांच्या साथीचे देसाई एका शब्दात निकालात निघतात: फितूर. हा शिक्का मारण्याआधी काही गोष्टी तपासून घेतल्या पाहिजेत.

गैरसमज: हे देसाई मुळात पोर्तुगिजांचेच प्रजाजन होते.
वस्तुस्थिती: तेव्हाचा पोर्तुगीज गोवा म्हणजे तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी. डिचोली त्यांच्याकडे गेली १७८१-८२ मध्ये. शिवकाळाच्या आरंभी पेडणे-डिचोलीचा मुलूख आदिलशाहीचा होता आणि सावंत व देसाई तिचे वतनदार.

गैरसमज: लखम सावंतांनी आयुष्यभर शिवाजी महाराजांशी वैर केले.
वस्तुस्थिती: १६५९ मध्ये त्यांनी महाराजांशी तह केला होता. निम्मा वसूल महाराजांचा आणि गरजेला सावंतांचे ३,००० पायदळ, असे ठरले. पुढे सावंत पुन्हा आदिलशाहीकडे वळले. १६६४ मध्ये महाराजांनी कुडाळ घेतले आणि सावंतांना पोर्तुगीज हद्दीत आश्रय शोधावा लागला. या बाजू बदलण्यामागे वतन होते. सारावसुली, शिबंदी, देवळातला मान हे सगळे वतनाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. राजा कोणीही असो, वतन राहिले पाहिजे, हा त्यांचा हिशेब. त्याला नुसती फितुरी म्हणणे मला अपुरे वाटते. पण या हिशेबाची किंमत रयतेने मोजली, हेही तितकेच खरे.

गैरसमज: महाराजांची १६६७ ची बारदेसची स्वारी केवळ गोवा जिंकण्यासाठी होती.
वस्तुस्थिती: शापोरा नदी ओलांडली की पेडण्यातून थेट बारदेस. लखम सावंत, केशव नाईक, केशव प्रभू हे बंडखोर देसाई बारदेसात आसरा घेत आणि तिथून महाराजांच्या मुलुखात धुमाकूळ घालत. नोव्हेंबरात महाराजांच्या फौजेने बारदेसात धडक मारली ती प्रामुख्याने यांच्या बंदोबस्तासाठी. स्वारी तीनेक दिवस चालली. डिसेंबरात पोर्तुगीज विजरईशी तह झाला, त्यात या देसायांना आवर घालण्याचे कलम आले.

गैरसमज: सावंतांचे घराणे तिथेच संपले.
वस्तुस्थिती: सावंतवाडी संस्थान याच घराण्याचे. पुढे पेडणे, डिचोली, सत्तरी त्यांच्याच अमलाखाली होती. तिसऱ्या खेम सावंतांनी १७६३ मध्ये शिंद्यांची मुलगी केली आणि राजेबहाद्दर हा किताब मिळवला. करवीरकरांना (कोल्हापूरकरांना) ते खपले नाही, दोन्ही दरबारांत झुंज लागली. तिच्यात जेरीस आलेल्या याच खेम सावंतांनी १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांच्या हवाली केले.