मोगूबाई कुर्डीकर : आईने दाखवलेली वाट

संगीत ही थोड्या दिवसांत हस्तगत होणारी विद्या नव्हे. गळ्यात सूर असणे ही निसर्गाची देणगी आहे. परंतु त्या सुराचे गाणे होण्यासाठी गुरूचे मार्गदर्शन, नियमित रियाज आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. लहान मुलाला ही दीर्घ वाट एकट्याने शोधता येत नाही. कोणीतरी वडीलधाऱ्याने त्याचा गुण ओळखून त्याला त्या वाटेवर आणून सोडावे लागते. ज्येष्ठ गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी गोव्यातील कुर्डी या गावी झाला. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष उघडे पडतात. मोगूबाईंचा जन्म कलावंत समाजात झाला होता. गाणे-बजावणे ही या समाजाची पिढीजात उपजीविका होती. मात्र गाणाऱ्या स्त्रीच्या कलेला दाद देणारे लोक तिला प्रतिष्ठा देत नसत. अशा परिस्थितीतही आपल्या मुलीने उत्तम गायिका व्हावे, अशी त्यांच्या आईची, जयश्रीबाईंची, तीव्र इच्छा होती.

जयश्रीबाई केवळ इच्छा करून थांबल्या नाहीत. त्यांनी मुलीला प्रथम भजने शिकण्यास पाठवले आणि नंतर ‘चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी’ या फिरत्या नाटक मंडळीत दाखल केले. त्या काळी संगीत नाटक ही गाण्याची एक शाळाच होती. तेथे ताल, शब्दोच्चार आणि श्रोत्यांसमोर निर्भयपणे उभे राहण्याचा सराव होत असे. परंतु १९१४ च्या सुमारास जयश्रीबाईंचे निधन झाले. दहा वर्षांची मोगू पोरकी झाली.

आईचे छत्र हरपले, तरी तिने दाखवलेली वाट मोगूबाईंनी सोडली नाही. पुढे ‘सातारकर स्त्री संगीत मंडळी’त ‘सौभद्र’ नाटकातील सुभद्रा आणि ‘पुण्यप्रभाव’मधील किंकिणी या त्यांच्या भूमिका गाजल्या. नाटक मंडळी सुटल्यानंतर प्रकृतीच्या उपचारांसाठी त्या सांगलीस आल्या. तेथे त्यांचे गाणे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या कानी पडले आणि खाँसाहेब त्यांना शिकवू लागले. घराणे म्हणजे गुरु-शिष्य परंपरेतून जपलेली गाण्याची विशिष्ट पद्धती. अनवट राग आणि पेचदार ताना हे या घराण्याचे वैशिष्ट्य आहे.

हे शिक्षण मात्र अखंड चालले नाही. खाँसाहेब मुंबईस गेले. १९२२ मध्ये मोगूबाईही मुंबईस आल्या; पण तेथे त्यांची तालीम खंडित झाली. तालीम म्हणजे गुरूसमोर बसून, ऐकून आणि पुन्हा पुन्हा गाऊन घेतलेले शिक्षण. या काळात त्या आग्रा घराण्याच्या गायकांकडे शिकल्या. नंतर अल्लादिया खाँ यांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडेही शिकल्या. अखेर १९३४ मध्ये अल्लादिया खाँ यांनी त्यांना विधिपूर्वक गंडा बांधून शिष्या केले. त्या वेळी मोगूबाई तीस वर्षांच्या होत्या. खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, त्यांनी हे शिक्षण चालू ठेवले. दरम्यान, १९३९ मध्ये त्यांच्या पतीचे निधन झाले आणि तीन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर पडली. गाण्याच्या बैठका व शिकवण्या यांवर त्यांनी संसार सावरला.

आता आईची भूमिका मोगूबाईंकडे आली. थोरली कन्या किशोरी हिला त्यांनी स्वतः शिकवले. त्यांची शिस्त कठोर होती. बंदिशीचा स्थायी आणि अंतरा त्या दोनदाच गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात मुलीने तो अचूक ग्रहण करावा, अशी त्यांची अपेक्षा असे. यातूनच एकाग्रतेची सवय लागली, असे किशोरीताई पुढे सांगत. आपल्या शिक्षणाबरोबरच इतर गुरूंकडे शिकण्याची संधीही त्यांनी मुलीला दिली. आईच्या मागे तानपुऱ्यावर बसून किशोरीताईंनी जशी गायकी आत्मसात केली, तशीच गाणाऱ्या स्त्रीला मिळणारी अनादराची वागणूकही पाहिली. म्हणूनच त्या स्वतः विख्यात झाल्यावर कलावंताचा मान आणि श्रोत्यांची शांतता यांबाबत अत्यंत आग्रही राहिल्या. त्यांची गायकी आईच्या गायकीहून वेगळ्या वाटेने विकसित झाली. तिचा पाया मात्र आईनेच घातला होता.

अशी उदाहरणे इतरत्रही आढळतात. धारवाडच्या अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गात. मुलगी गंगूबाई हनगल हिचा ओढा हिंदुस्थानी संगीताकडे आहे, हे ओळखून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले. आपल्या पद्धतीची छाया मुलीच्या गळ्यावर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. मदुराईच्या वीणावादक षण्मुखवडिवू यांनी आपल्या कन्येला बालवयातच संगीताच्या क्षेत्रात आणले. तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९२६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी निघाली. चेन्नई ही पुढे जिची कर्मभूमी झाली, त्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी म्हणजेच ही कन्या. १९९८ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ने गौरवण्यात आले.

या साऱ्या मातांनी मुलांचे केवळ कौतुक केले नाही. कोणी गुरू शोधून दिला, कोणी शिस्त लावली, तर कोणी स्वतःच्या आवडीचा त्याग केला. प्रोत्साहन या शब्दाचा खरा अर्थ त्यांच्या कृतीतून स्पष्ट होतो. तसेच खंडित झालेले शिक्षण पुन्हा सुरू करता येते, हेही मोगूबाईंच्या जीवनातून दिसते. आपल्यापैकी अनेकजण संसार आणि नोकरी सांभाळून नव्याने अभ्यासाला बसले आहेत. त्यांना तिशीत गंडा बांधून घेणाऱ्या या शिष्येचे उदाहरण निश्चितच बळ देईल.

मोगूबाईंना १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७४ मध्ये ‘पद्मभूषण’ हा सन्मान मिळाला. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. किशोरीताई आमोणकर ३ एप्रिल २०१७ रोजी निवर्तल्या. जयश्रीबाईंना मुलीचे यश पाहता आले नाही. पण त्यांनी लावलेले रोप शंभर वर्षांहून अधिक काळ बहरत राहिले, आणि दोघींच्या शिष्यांच्या गळ्यातून ते आजही बहरते आहे.