पदवी, कौशल्य आणि नोकरी: पाच गैरसमज

निकाल लागला की घरोघरी दोन टोकांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, ‘आणखी शीक, एमए कर.’ कुणी म्हणतं, ‘डिग्रीला कोण विचारतं? एखादा कोर्स लाव.’ दोन्ही सल्ले अर्धेच खरे आहेत.

गैरसमज १: शिक्षण जितकं जास्त, तितकी नोकरी पक्की.
वस्तुस्थिती: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता; लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो फक्त ३.४ टक्के होता. पण म्हणून पदवी कुचकामी ठरत नाही. हातावर पोट असलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. पदवीधर मनाजोग्या नोकरीसाठी थांबतो. चांगल्या पगाराच्या बऱ्याच जागांसाठी पदवी लागतेच. पण ती अर्ज करण्याची पात्रता देते, निवडीची हमी नाही.

गैरसमज २: कौशल्य म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट.
वस्तुस्थिती: एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फाइलला लावलेलं असतं, पण मुलाखतीत एक्सेल उघडून दिलं की अनेकांचा हात अडखळतो. त्याच अहवालात सुमारे ७५ टक्के तरुणांना अटॅचमेंटसह ईमेल पाठवता येत नाही आणि ९० टक्क्यांना स्प्रेडशीटमध्ये सूत्र घालता येत नाही, असं नोंदवलं आहे. ही आकडेवारी सगळ्या तरुणांची आहे, केवळ पदवीधरांची नव्हे. तरी ज्याला खरोखर करून दाखवता येतं, तो उठून का दिसतो, हे त्यातून कळतं.

गैरसमज ३: फाडफाड इंग्रजी आलं की झालं.
वस्तुस्थिती: आयटी किंवा निर्यातीच्या कंपनीत इंग्रजी लागतंच. पण सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत त्या राज्याची भाषा येणं ही अट असते. पीककर्जाचे नियम शेतकऱ्याला मराठीत नीट समजावणं हेही संवादकौशल्यच. समोरच्याचं ऐकून घेणं आणि मुद्द्याचं बोलणं कुठल्याही भाषेत शिकावंच लागतं.

गैरसमज ४: ॲप्रेंटिसशिप फक्त आयटीआयवाल्यांसाठी.
वस्तुस्थिती: शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांनाही त्याचं दार उघडलं. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. विद्यावेतन मिळतं आणि ‘अनुभव किती?’ या प्रश्नाला उत्तरही मिळतं. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये ठरले. मात्र ते प्रशिक्षण होतं, कायम नोकरी नव्हे.

गैरसमज ५: नोकरी नाही, म्हणजे पोरातच काहीतरी कमी आहे.
वस्तुस्थिती: कौशल्यामुळे रांगेत पुढचा नंबर लागतो, जागा वाढत नाहीत. २००० नंतर वाढत गेलेलं नियमित पगारी रोजगाराचं प्रमाण २०१८ नंतर घसरू लागलं, हेही भारत रोजगार अहवालच सांगतो. मुलांनी कौशल्य कमवावंच. पण प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारावं, या कोर्समध्ये प्रत्यक्ष काम किती आणि मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत. आणि जागा का निघत नाहीत, हा प्रश्न पोराला नव्हे, सरकारला आणि उद्योगांना विचारावा.