गांजा, औषध आणि पुराव्याचे वजन

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीला फेफरे येते. गेल्या वर्षी कोणा ओळखीच्याने गांजाच्या तेलाची बाटली आणून दिली आणि घरच्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. चार दिवसांत पोरीला एकामागून एक झटके आले. ती वाचली. तिचा बाप मला म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले. खरं कोणाचं मानायचं?"

गांजाच्या बाजूने सांगितले जाते, की तो प्राचीन आहे, ग्रंथांत आहे, नैसर्गिक आहे. प्राचीन तर अस्पृश्यताही होती, आणि धोतराही नैसर्गिकच. परंपरा आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नये, ही बुद्धाने कालामांना दिलेली कसोटी लावली की यातले काही उरत नाही. राहिले 'अमक्याला गुण आला' हे. फेफरे मधूनच आपोआपही थांबते. एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही.

विरोधकांचे म्हणणेही याच तराजूत घातले पाहिजे. 'गांजाने वेड लागते' याला एकेकाळी वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींचा आधार दिला जाई. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने त्या नोंदी तपासल्या. कारणाचा रकाना भरायचा म्हणून, नीट चौकशी न करताच 'गांजा' लिहिल्याचे अनेक ठिकाणी आढळले. सरकारी कागदावर किती विसंबावे, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. मात्र कोवळ्या वयापासून नियमित, तीव्र गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका अधिक असतो, असे आजचे संशोधन दाखवते. जुना पुरावा कच्चा निघाला म्हणून भीती सर्वस्वी खोटी ठरत नाही.

मग पक्का पुरावा कोणता? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे दोन गट पाडायचे. एकाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नसते, डॉक्टरलाही. गांजातील कॅनाबिडिऑल हे द्रव्य ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दुर्धर प्रकारच्या फेफऱ्यांत या कसोटीला उतरले. 2018 साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. परंतु ते शुद्ध केलेले, मोजून दिलेले आणि चालू गोळ्यांच्या जोडीला दिलेले होते. त्या पुराव्यावर बाटलीतले अज्ञात तेल विकता येत नाही.

त्या बापाला मी तीन प्रश्न लिहून दिले. कशावरून सांगता? किती जणांवर पाहिले? पाहिले ते औषध हेच का? खाली लिहिले, डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी एक दिवसही चुकवू नका.

पोरीच्या गोळ्या आता पुन्हा सुरू आहेत.