निकालाच्या दिवशी संकेतस्थळ का कोलमडते?

16 जुलै 2021 रोजी दुपारी दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाचे संकेतस्थळ काही तास आडवे झाले. जिंतूर असो की मुंबई, मोबाइलवरचे चाक नुसते गरगरत राहिले.

"नेट स्लो आहे" हा आपला ठरलेला निष्कर्ष. पण अडचण अनेकदा दुसऱ्या टोकाला असते. पान मागितले की सर्व्हर डेटाबेसला विचारतो, आलेली माहिती साच्यात बसवतो आणि मग पान धाडतो. लाखो जण एकदम आले की हा खटाटोप लाखो वेळा होतो, तोही बहुतेकदा तेच पान रचायला! पेज कॅशिंगमध्ये एकदा रचलेले पान जपून ठेवतात आणि पुढच्याला त्याचीच झेरॉक्स देतात. डेटाबेसला हात लागतच नाही. गुणपत्रक प्रत्येकाचे वेगळे, हे खरे. पण त्यातले आकडे क्षणाक्षणाला बदलत नाहीत. तेही आधीच रचून ठेवता येते.

मेख आहे ती शिळ्या पानाची. सोयाबीनचा भाव बदलला आणि साठवलेले पान पुसले नाही, तर शेतकऱ्याला कालचाच दर दिसणार. म्हणून प्रतीला मुदत घालतात: भावाला काही मिनिटे, संस्थेच्या इतिहासाला महिनाही चालेल. बँक खात्याचे पान मात्र सामायिक कॅशमध्ये ठेवूच नये. एकाची शिल्लक दुसऱ्याला दिसायची.

दुकानाचे किंवा शाळेचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर डब्ल्यूपी सुपर कॅशसारखे प्लगइन फुकट मिळते. आधी ते बसवा. महागडा सर्व्हर नंतर.