बियाण्याच्या बटाट्याची कोरडी कूज

मंचरच्या बाजारात पंजाबातून बियाण्याचे बटाटे येतात. शीतगृहातून आलेली गोणी वरून चांगली दिसते; पण मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो, पैसे मोजण्यापूर्वी ती ओतून पाहा. बटाट्याच्या लागवडीत बियाण्याचा खर्च फार मोठा असतो.

साल खोलगट होऊन तिच्यावर वर्तुळाकार सुरकुत्या पडल्या, की फ्युजेरियम बुरशीची कोरडी कूज समजावी. कापल्यावर आत तपकिरी पोकळी आणि पांढरट-गुलाबी बुरशी आढळते. पाणी सुटून घाण वास येत असेल, तर ते बहुधा जिवाणूंचे काम.

ही बुरशी अखंड सालीतून आत शिरू शकत नाही. काढणीत कुदळ लागली, गोणी आपटली, की तिला वाट मिळते. म्हणून काढलेले बटाटे १०-१५ दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवावेत. जखमांवर नवी साल धरते. शीतगृहाच्या २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात बुरशी मरत नाही, नुसती थबकते.

फोडी करताना सडका बटाटा कापला गेला, तर सुरी निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका. रोग लागलेल्या फोडी मातीतच कुजतात आणि उगवणीच्या वेळी शेतात नांग्या पडलेल्या दिसतात.